अब्बांचं मरण कुठल्या सालचं धरायचं

शनिवार पेठ, पुणे
९ ऑक्टोबर २०११

हुसेनभाई,

सलाम. फोनच करणार होते, पण फोनवर तू पहिल्या दोन मिनिटांत रडायला लागतोस आणि उरलेला वेळ मी तुला गप्प करण्यात घालवते. काम तसंच राहतं. म्हणून पत्र. मराठीत लिहितेय, कारण तुझ्या घरात ते तुझ्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही. पुण्यात चार यत्ता शिकलास त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

अब्बांच्या मृत्यूचा दाखला पाठव. अठ्ठावन्न सालचा, कराचीचा, सही-शिक्क्याचा. अस्सल तुझ्याजवळ ठेव, मला प्रमाणित नक्कल पुरेल. कशाला, ते विचारू नकोस. अब्बा आणि तू पुणं सोडून गेलात त्याला साठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बहिणीने तुझ्याकडे काही मागितल्याचं आठवतंय का? मलाही नाही आठवत.

अम्मी बरी आहे. एकोणनव्वदावं चालू आहे. ऐकू येत नाही म्हणते, पण मी कुकरची एक शिट्टी जास्त होऊ दिली की आतून ओरडते. तिला या पत्राचं बोलले नाहीये. तूही बोलू नकोस.

रशीदा


२ नोव्हेंबर २०११

हुसेनभाई,

‘अब्बांना आता कशाला उकरतेस’ असं विचारतोस. वा! उकरायला आमच्याकडे त्यांची कबर तरी कुठे आहे?

बरं, तुला सांगते. तू इथून गेलास तेव्हा अकरा वर्षांचा होतास. मागे काय झालं ते अब्बांनी तुला सांगितलं नसणार, आणि मला जेवढं कळलं ते अम्मीच्या तोंडून तुकड्यातुकड्याने, पन्नास वर्षांत. एक्कावन्न साली अब्बा हजला गेले, तुला बरोबर घेऊन. अख्खी गल्ली हार घालायला आली होती. परतताना कराचीला उतरले आणि तिथेच राहिले. अम्मीला पत्र आलं, ‘शिवणाचं मशीन विकून रशीदाला घेऊन निघून ये.’ अम्मी एकोणतीस वर्षांची होती. तिने पत्र चुलीत घातलं आणि बाहेर येऊन शेजारणींना सांगितलं, नवरा मक्केत वारला, मुलगा कराचीला चुलत्याकडे आहे. हजला मेलेल्या माणसाचा दाखला कोण मागतंय? उलट लोक म्हणाले, नशीबवान, पाक जमिनीत गेला.

खरं सांगितलं असतं तर दुकानाला सील लागलं असतं. जो तिकडे गेला त्याची मालमत्ता सरकारजमा होत होती तेव्हा. पण नुसतं दुकान वाचवायला बाई असं करत नाही, भाई. तिला ‘टाकलेली’ म्हणवून घ्यायचं नव्हतं. जिवंत नवऱ्याच्या नावाने ती चार महिने दहा दिवस विधवेच्या इद्दतीला बसली, उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता. मी सात वर्षांची, बाहेरून भाजी आणत होते. तेव्हापासून साठ वर्षं ती ‘हाजीसाहेबांची बेवा’ आहे. लग्नकार्यात तिला पुढे बसवतात.

आता पुस्तकाचं. ‘मापाप्रमाणे शिवण’ तुला आठवत असेल, अब्बांनी अठ्ठेचाळीस साली छापलं ते. पहिला भाग शर्ट-पायजम्याचा, दुसरा बायकांच्या कपड्यांचा. अम्मी दर जूनला ते छापून घेते, आणि मी माझ्या शिवणक्लासला तेच शिकवते. दुसरा भाग कोणाचा, ते तुला ठाऊक आहे. अब्बा काय सदाशिव पेठेतल्या बायकांची मापं घ्यायला जाणार होते? अम्मी जायची. माजघरात बसून दोऱ्याने माप घ्यायची, छातीला एक गाठ, कमरेला एक, मुंढ्याला एक. घरी येऊन त्या गाठींवरून चोळी कशी बेतायची ते अब्बांना सांगायची, आणि अब्बा लिहून घ्यायचे. कव्हरवर नाव अर्थातच दादामियाँ, टेलर मास्टर. दुसरं कोणाचं असणार!

यज्ञेश्वर म्हणून एक प्रकाशक आहेत सदाशिव पेठेत. सज्जन गृहस्थ. घरी आले, चहा घेतला, अम्मीला नमस्कार केला, आणि जिन्यात मला म्हणाले, ‘‘बाई, एक जानेवारीपासून तुमचं पुस्तक मोकळं होतंय. मी काढतोय. म्हटलं आपणहून सांगावं, नंतर गैरसमज नको.’’

इथे लेखक मेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांचा. आधी पन्नास होती, ब्याण्णव साली साठ केली. अब्बा एक्कावन्न साली वारले असं आपणच पहिल्या पानावर छापत आलोय, दर आवृत्तीला. म्हणजे या डिसेंबरला साठ भरली. यज्ञेश्वर पहिला भाग रंगीत चित्रं घालून काढणार, संपादक म्हणून सुनेचं नाव घालणार. मी विचारलं, दुसऱ्या भागाचं काय? म्हणाले, ‘‘तो गाळतोय. आता कोण चोळ्या शिवतंय?’’ अम्मी आत बसून काजं करत होती. तिच्या आयुष्यात तिने केलेलं एक काम आहे ते, भाई. तिच्या डोळ्यांदेखत कोणी ते कापून फेकलेलं मला बघवणार नाही.

परवा त्यांच्याच कार्यालयात सभा होती. मला बोलावलं, मीही गेले. विषय काय, तर शेजारी देशांत लेखकाच्या हक्काची मुदत सारखी असावी. कराचीला पन्नास, ढाक्याला साठ, कोलंबोला सत्तर, आणि पुस्तकं तर सगळीकडे फिरतात, मग गोंधळ होतो म्हणे. एकजण म्हणाला पन्नास करा, एकजण म्हणाला सत्तर करा, मग चिवडा आला. मी मागे बसून ऐकत होते आणि मला हसू येत होतं. मुदत सारखी करायला निघालेत! आमच्या घरात अजून मरणाचंच साल जुळलेलं नाही.

अब्बा अठ्ठावन्नला वारले हे दाखवलं तर अठरा सालापर्यंत सात वर्षं मिळतात. अम्मीच्या हयातीपुरती पुरतील. दाखला मी फक्त यज्ञेश्वरांना दाखवीन. ते म्हणतील कोणाला सांगणार नाही. पुण्यात ‘कोणाला सांगणार नाही’ म्हणजे लक्ष्मी रोड ओलांडेपर्यंत, हे मलाही कळतं. पण दुसरा मार्ग दिसत नाही. पाठव लवकर.

रशीदा


२७ नोव्हेंबर २०११

हुसेन,

‘भाई’ लिहायला आज हात वळत नाही.

पार्सल मिळालं. दाखला मिळाला. त्याच्यासोबत तू पुस्तक पाठवलंस, अब्बांच्या पुस्तकाची कराचीची उर्दू आवृत्ती, आणि वर चिठ्ठी, ‘तुझ्या क्लासला उपयोगी पडेल.’ तुला अक्कल नाही, की तुला मुद्दाम हेच करायचं होतं? चार दिवस मी एवढाच विचार करतेय.

दाखला मी कपाटात लपवला. पुस्तक मशीनवर ठेवलं. मला उर्दू अडखळत येतं, म्हटलं सावकाश बघू. भाजी घेऊन आले तर अम्मी भिंग डोळ्याला लावून तेच वाचत बसली होती. मी पिशवी तशीच खाली ठेवली.

ती म्हणाली, ‘‘रशीदा, मी मेलेय.’’

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस अम्मी. तिने पान माझ्यापुढे केलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं, मी लहान असताना कुराणाचं वाचून दाखवायची तसं. अब्बांची चोपन्न सालची प्रस्तावना. ‘माझी पहिली बीवी मरहूमा नसीमबानू सन एक्कावन्नमध्ये पुण्यात अल्लाघरी गेली. या किताबातला जनाना कपड्यांचा सगळा भाग तिच्या डोक्यातला आणि तिच्या हातचा आहे. मी फक्त लिहून घेतला.’

म्हणजे इकडे तिने त्यांना मारलं, तर तिकडे त्यांनी तिला! एकाच वर्षी! तिकडे अख्तरबानूंशी दुसरा निकाह लावायचा होता ना, तर पहिली मेलेली बरी. अम्मीच्या तोंडावर मी काय बोलणार? अम्मीने मात्र त्या ओळी पुन्हा एकदा भिंगाखाली धरल्या. मग म्हणाली, ‘‘मेल्यावर का होईना, नाव छापलं मेल्याने.’’ आणि हसली. मला तिच्या हसण्याचा एवढा राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

अब्बांचं मी समजू शकते. ते लबाड होते, अम्मीही त्या वेळी लबाड झाली, बरोबरी झाली. पण तुझं काय? चार पानं पुढे तुझी प्रस्तावना आहे, दोन हजार नऊची. पन्नास वर्षं भरली, पुस्तक तिकडे मोकळं झालं, म्हणून तू ते पुन्हा काढलंस. काढ की! कोणी अडवलंय? त्यात तू लिहिलंयस, ‘आमचे वालिद आणि वालिदा दोघंही आज हयात नाहीत.’ म्हणजे अम्मीही. खाली तुझी सही.

त्या वर्षी बकरी ईदला तू अम्मीशी फोनवर बोलला होतास, हुसेन. रिसिव्हर मीच तिच्या कानाला धरला होता. तू रडत होतास. ती तुला म्हणत होती, रडू नको, गुडघ्याला तेल लाव.

त्र्याऐंशी साली तू आठ दिवस इथे राहून गेलास. बायको-मुलांना का आणलं नाहीस असं अम्मीने विचारलं तर म्हणालास, व्हिसा मिळाला नाही. आता कळलं व्हिसा कोणी नाकारला ते. तुझ्या मुलांना त्यांची दादी मेलेली ठाऊक आहे. अकरा वर्षांचा होतास तेव्हा बापाने सांगितलं तसं बोललास, ते मी माफ केलं. एकोणसत्तराव्या वर्षी तुला कोण सांगत होतं?

तू फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

रशीदा


१९ डिसेंबर २०११

हुसेन,

तुझी दोन पत्रं आली. ‘मुलांना इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने सांगू’ असं लिहितोस. तोंड तुझं, तू ठरव. मी आज कामाचं लिहितेय.

माझ्या क्लासमधून शिकून गेलेली पद्मजा वकील झाली आहे. दाखला आणि तुझं ते पुस्तक घेऊन मी तिच्याकडे गेले. दाखला तिने बाजूला ठेवला आणि प्रस्तावनाच तीनदा वाचून घेतली माझ्याकडून. मग म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही कसली सात वर्षं घेऊन बसलाय? दुसरा भाग आईंचा आहे हे तुमच्या वडिलांनीच छापून कबूल केलंय. त्या लेखिका आहेत. आणि लेखिका जिवंत असताना साठ वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही.’’

एवढी साधी गोष्ट! मी अब्बांच्या मरणाचे दाखले गोळा करत बसले होते, आणि घरात ती बाई बसली होती.

पण पद्मजाने लगेच पुढचं सांगितलं. पुरावा हाच आहे, चोपन्न सालची प्रस्तावना. ती दाखवली की दादामियाँ चोपन्नला जिवंत होते हेही सगळ्यांना दिसणार, आणि कराचीत दुसरं लग्न करून बसले होते हेही. लेखिका म्हणून उभं राहायचं तर हाजीसाहेबांची बेवा म्हणून बसता येणार नाही. आईंना विचारा म्हणाली.

विचारायला मला पाच दिवस लागले. का ते सांगते, कारण तुला एवढं सुनावल्यावर स्वतःचं झाकून ठेवणं बरं नाही. चौऱ्याहत्तर साली छापखान्यात नवी कव्हरं करायची होती. अम्मी सहज म्हटल्यासारखं म्हणाली होती, ‘‘माझं नाव कुठे खाली, बारीक टाकता येईल का गं?’’ मी म्हटलं, अम्मी, पुस्तकाला एकच नाव बरं दिसतं. ती ‘बरं’ म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. मला तेव्हा खरंच वाटलं होतं, की टेलर मास्टरचं नाव असलं तरच पुस्तक खपेल. तीस वर्षांची शिकलेली बाई होते मी. तू तिला दोन हजार नऊ साली मारलंस, मी त्याच्या पस्तीस वर्षं आधी.

शेवटी परवा तिला सगळं सांगितलं, दाखल्यापासून. ती रागावली ती भलत्याच गोष्टीवर. ‘‘यज्ञेश्वर माझा भाग गाळणार होता, आणि तू मला दोन महिने सांगितलं नाहीस?’’ मी म्हटलं, अम्मी, लोक काय म्हणतील याचा विचार कर. खालच्या मजल्यावरच्या सुहासिनीबाई, आपल्या जमातीतल्या बायका, सगळ्यांना कळेल. त्यावर जे बोलली ते तिच्याच बोलीत लिहिते, मराठीत त्याची धार जाईल. ‘‘एक मर्द के वास्ते कित्ते बरस बेवा बनके बैठूं मैं? थक गई ना मैं.’’

मग म्हणाली, पद्मजाला बोलाव.

रशीदा


२ जानेवारी २०१२

हुसेनभाई,

आता पुन्हा ‘भाई’ लिहितेय, अम्मीने बजावलं म्हणून.

शनिवारी यज्ञेश्वर आले होते. पद्मजा होती, मी होते, अम्मी पलंगावर पाय सोडून बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. पद्मजाने कागद वाचून दाखवले. अम्मीचं प्रतिज्ञापत्र, चार ओळींचं: दुसरा भाग माझा आहे, माझे पती एक्कावन्न साली कराचीस गेले व मला सोडून तेथेच राहिले, मी त्यांना मृत म्हणून सांगितले, ते अठ्ठावन्न साली वारले. सही तिने स्वतः केली, मराठीत. अंगठ्याची शाई पद्मजाने काढली होती ती तिने परत ठेवायला लावली.

यज्ञेश्वरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ‘‘आजी, माझा जरा गोंधळ होतोय. म्हणजे तुमचे यजमान नक्की वारले कधी?’’

अम्मी म्हणाली, ‘‘माझ्यापुरते एक्कावन्नला. तुमच्या कायद्यापुरते अठ्ठावन्नला धरा. पण पुस्तकाचं विचारायला आलात ना? मग मला विचारा. मी आहे.’’

ते म्हणाले, मी माझ्या वकिलांना दाखवतो, आणि चहा न घेता गेले. रात्री फोन आला, तूर्त काम थांबवलंय. तूर्त म्हणजे किती ते पद्मजा बघेल. पहिला भाग अब्बांचा, त्याची सात वर्षं आपली आणि अख्तरबानूंच्या मुलांची मिळून, असंही ती म्हणाली. त्यांना काय हवं ते घेऊ देत. दुसरा भाग आता वेगळा छापायचा, नसीमबानू यांच्या नावाने. सभेतल्या लोकांनी सगळीकडची मुदत पन्नास करू दे नाहीतर सत्तर, या भागाला सध्या त्याचं काही नाही.

मला वाटलं होतं जिंकल्यावर बरं वाटेल. लक्ष्मी रोड ओलांडायला बातमीला एक दिवस लागला. काल जमातीतल्या दोघी आल्या. एकीने तोंडावर विचारलं, साठ वर्षं आम्हाला हाजीसाहेबांच्या नावाने फातिहा पढायला लावलात, कशाबद्दल? त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नातीचं लग्न आहे, त्याची पत्रिका परत मागून नेली. सुहासिनीबाई जिन्यात भेटल्या, त्यांनी माझा हात नुसता दाबला आणि पुढे गेल्या. तेही मला सहन झालं नाही.

अम्मी आज जेवली नाही. जेव म्हटलं तर म्हणाली, ‘‘पुढे बसवायचे, तेव्हा मला काय आवडत होतं असं समजतेस? पण सवय होते गं.’’ मग रडली. अब्बा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते कळेना. बसले शेजारी.

डोळे पुसल्यावर तिने मला कागद घ्यायला लावला. म्हणाली, हुसेनला लिही, मी सांगते तसं, मधे तुझं काही घालू नकोस. तर हे तिचं:

‘हुसेन, तू छाप ते पुस्तक, मला पैसे नकोत. पण माझ्या नावापुढचं मरहूमा काढ. तुझ्या प्रस्तावनेतली ती ओळही काढ. जी पुस्तकं छापून झाली असतील त्यांत हाताने खोड. बापाला वाईट म्हणू नकोस, मीही त्याला जिवंतपणी पुरलं होतं. तुझ्या मुलांना सांग, दादी पुण्यात आहे. तुला लाज वाटत असेल तर लाजत सांग. पण लवकर सांग, बेटा, मी फार थांबू शकणार नाही.’

रशीदा